आत्याच्या मापाचं अक्षर

आज सकाळी पडदा सरकवला तर बाहेर काहीच नव्हतं. कुंपण नव्हतं, लिंबाचं झाड नव्हतं, समोरचं घर नव्हतं. जूनमधलं, म्हणजे न्यूझीलंडच्या ऐन हिवाळ्यातलं, हॅमिल्टन असं अधूनमधून पुसलं जातं. इतर गावांत धुकं पडतं, आमच्याकडे ते मुक्कामाला येतं. वायकाटो नदीतून उठतं, उताराच्या गल्ल्या चढतं आणि दार किलकिलं दिसलं की आत येऊन हीटरपाशी बसतं. एका वर्षी मी दोरीवरचा शर्ट काढून, नीट घडी घालून आत आणला, तेव्हा कळलं की शर्ट शेजाऱ्याचा आहे आणि शेजारी अजून त्यात आहे.

"निदान लिहिताना तरी, नंदू," मृणाल म्हणते. मृणाल माझी बायको. आमच्या घरात खरं बोलण्याचं खातं तिच्याकडे आहे. तिनं हे सगळं वाचून, शेजाऱ्याचं वाक्य सोडता, बाकीचं पास केलंय.

धुकं आलं की लोकांना भजी आठवतात म्हणे. मला अक्षरं आठवतात, आणि अक्षरांच्या मागून माझी आत्या.

माझा धंदाच अक्षरांचा आहे. गाईंनी किती दूध दिलं, कुठल्या गाईचा पाय दुखतोय, हे शेतकऱ्याला स्क्रीनवर दाखवणाऱ्या एका कंपनीत मी वेबपानं बनवतो. पानावर अक्षर कुठलं घ्यायचं, ते केवढं ठेवायचं, दोन ओळींमध्ये किती हवा खेळू द्यायची, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की ते विचारतात, "दिवसभर?" दिवसभर. कारण वेबपान ही मुळात भुताटकी आहे. छापलेल्या पुस्तकाला स्वतःचा देह असतो. ते कुणाच्याही घरी गेलं तरी तेच दिसतं. वेबपानाला देह नाही. ते नुसता मजकूर आणि एक इच्छा घेऊन हिंडतं, की मला अमुक अक्षरात दाखवा. ज्या यंत्रात ते उतरतं त्याच्याकडे ते अक्षर असलं तर बरं. नसलं तर यंत्र आपल्या कपाटात हाताला लागेल ते त्याच्या अंगावर चढवतं. मॅकवर जे पान सडपातळ आणि रुबाबदार दिसतं, तेच विंडोजवर दाटीवाटीनं उभं राहतं आणि स्वस्तातल्या फोनवर फतकल मारून बसतं. अक्षर पानासोबत पाठवताही येतं. पण शेतावरच्या तुटक नेटवर ते मागे रेंगाळतं आणि पान पुढे पोचतं, बिनचेहऱ्याचं. ओळखीचा माणूस परक्याच्या चेहऱ्यानं आपल्याशी बोलतोय असं मला अजूनही वाटतं, आणि मला ह्या धंद्यात येऊन किमान दीडशे वर्षं झालीत.

आत्या आली त्या वर्षीच्या धुक्याच्या हंगामाची सुरुवात ग्लेनच्या फोननं झाली. ग्लेन हा मॉरिन्सव्हिलच्या बाजूचा शेतकरी. अंगानं रेड्याएवढा, आवाजानं त्याहून मोठा.

"किआ ओरा, मेट. तुझं पान कोरं आहे."

"कोरं कसं असेल, ग्लेन? मी इथं बघतोय. सुंदर दिसतंय."

"मग ते तिथंच सुंदर आहे. इकडे येऊन बघ."

गेलो. गाडीच्या नाकापुढचं दिसत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाई असणार, कारण श्वास ऐकू येत होते, पण गाय एकही नव्हती. मध्येच एखादा काळा ठिपका हवेत तरंगत जायचा, आणि बऱ्याच वेळानं लक्षात यायचं की तो पांढऱ्या गाईवरचा डाग आहे, गाय धुक्यात विरघळलीय. धुतलेल्या शेडच्या कोपऱ्यात वाफेनं पिवळा पडलेला एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यावर माझं पान उघडलेलं होतं. पांढरंफेक. त्या वर्षी आम्हा अक्षरवाल्यांत केसाएवढ्या बारीक, फिकट राखाडी अक्षरांची फॅशन होती. माझ्या ऑफिसातल्या चकचकीत स्क्रीनवर ती मोत्यासारखी दिसायची. मी माऊस धरून पानावरून ओढला. निळा पट्टा सरकत गेला आणि त्यात, पाण्याखालून हात वर यावा तशी, एकेक ओळ वर आली. दूध, तारीख, गाईचं नाव. पट्टा काढला की परत बुडाली.

ग्लेननं खाली वाकून बघितलं. "म्हणजे होती," तो म्हणाला. "मग लपली कशाला?"

मागे कुठेतरी न दिसणारी गाय शिंकली.

"जाऊ दे," ग्लेन म्हणाला. "ह्या महिन्यात माझं अर्धं शेत असंच आहे. आहे, पण बघायला गेलं की नाही."

त्यानंतर मी जुनी यंत्रं जमवायला लागलो. दर शनिवारी ऑप शॉप, म्हणजे इथली जुन्या सामानाची दुकानं, पालथी घालायचो. लोकांच्या घरातून निघालेले, बऱ्याचदा माणूस गेल्यावर निघालेले लॅपटॉप, टॅब्लेट, फोन. गराजमध्ये गाडीला जागा उरली नाही. प्रत्येक यंत्रावर माझं पान उघडून बघायचं, कुठं अक्षर बुडतंय, कुठं मात्रा छाटली जातेय, कुठं ओळी एकमेकींच्या अंगावर येतायत. काही यंत्रं सुरू होताना जुन्या मालकांना हाक मारायची. एक टॅब्लेट रोज सकाळी हसऱ्या अक्षरांत म्हणायचा, 'वेलकम, मार्गारेट.' मीही सवयीनं 'मॉर्निंग' म्हणायला लागलो होतो. मृणाल गराजमध्ये यायची थांबली.

आणि अशा घरात आत्या आली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी झाली, पोवई नाक्याजवळ वरच्या मजल्यावर एकटी राहते, खाली शेजारीण सुषमाताई. अख्ख्या साताऱ्याचे नंबर तिला तोंडपाठ होते. लोक नंबर सांगायच्या आधी ती जोडून द्यायची, आणि काही वेळा, असं माझे वडील सांगत, समोरच्यानं फोन उचलायच्या आधी त्याला काय उत्तर द्यायचं तेही सांगून टाकायची. वडील आमच्या घराण्यातलेच होते, त्यामुळे ह्यातलं निम्मं सोडून द्यावं.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडत चालला होता. कडेचं दिसायचं, मधलं जायचं. आंधळेपणापेक्षा हे चमत्कारिक. तिनं ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. दाराकडे बघितलं की भिंत दिसायची, दार जायचं. ती माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघायची तेव्हा मला डोकं नसायचं, हे तिनंच मला पहिल्या दिवशी सांगितलं, आणि वर म्हणाली, "तसा फारसा फरक नाही."

मृणालनं तिला सरळच सांगितलं, "आत्या, आता इथंच राहा. आम्ही दोघं आहोत."

"राहीन की," आत्या म्हणाली. "पण आधी बघू, माझं मला वाचता येतंय का. औषधाच्या डबीवरचं नाव, बँकेचा मेसेज, गॅसवाल्याचा निरोप. एवढं मला वाचता आलं तर मी साताऱ्याला जाईन, माझ्या घरात. नाही आलं तर आहेच तुमच्या हॉलमधली कुंडी. सकाळी पाणी घाला, दुपारी उन्हात सरकवा."

हसत म्हणाली. पण चहाचा कप तिनं दोन्ही हातांनी धरला होता, आणि कप गार झाला तरी सोडला नाही.

मग मी छाती पुढे काढून म्हणालो, "आत्या, तू काळजीच करू नकोस. मी तुझ्या मापाचं अक्षर शोधतो. शिंपी माप घेतो तसं. सातारा, हॅमिल्टन, मॅक, विंडोज, फोन, कुठंही उघड, तुला वाचता आलंच पाहिजे."

"मग घे माप," ती म्हणाली.

आता वाचायला काय द्यायचं? मराठी घरातला माणूस काहीतरी टाईप करून बघायला बसला की बोटांतून जे आपोआप येतं तेच माझ्या बोटांतून आलं. संध्याकाळी दिवा लावल्यावर आमच्या घरात म्हणायचं ते स्तोत्र. टाईप केलं, गराजमध्ये खुर्ची मांडली, आत्याला शाल गुंडाळून बसवलं आणि पान पुढे केलं. तिनं वाचलं. खडखडीत. मी अक्षर लहान केलं, तिनं वाचलं. आणखी लहान केलं. जाड शिरोरेघेचं घेतलं, बारीक शिरोरेघेचं घेतलं, गोल, चौकोनी, सगळी घराणी झाली. मॅकवर वाचलं, विंडोजवर वाचलं, काच तडकलेल्या फोनवर वाचलं. शेवटी मुंगीच्या मिशीएवढं अक्षर लावलं, जे मला चष्मा लावून दिसत नव्हतं, आणि ते तिनं चालीत वाचलं.

मी हवेत. ऑफिसात जाहीर केलं की अर्ध्या आंधळ्या माणसाला वाचता येईल असं अक्षर माझ्या गराजमध्ये जन्माला आलंय, आणि ऑकलंडहून लवकरच लोक बसगाड्या करून येणार आहेत. सगळे म्हणाले, "स्वीट अ‍ॅज." इथे कुणी तुमच्यावर विश्वास ठेवत नसलं तरी तेच म्हणतात.

"मग माझं तिकीट बघा," आत्या रोज जेवताना म्हणायला लागली.

मृणाल म्हणायची, "बघू." आणि माझ्याकडे बघायची.

एके सकाळी धुकं गराजच्या दाराखालून आत आलं होतं. घोट्यापर्यंत. यंत्रांचे दिवे त्यात दूर गावासारखे लुकलुकत होते. सगळ्या यंत्रांवर झालं होतं, मार्गारेटचा टॅब्लेट तेवढा राहिला होता. मी त्याच्यावर पान उघडायला टाकलं, तो आपल्या वयाप्रमाणे विचार करत बसला, तसा आत्याच्या हातात दिला आणि चहा आणायला आत गेलो. परत येताना आत्याचा आवाज ऐकू आला. वाचत होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि खांद्यावरून स्क्रीनकडे बघितलं.

स्क्रीनवर एकही अक्षर नव्हतं.

त्या टॅब्लेटच्या पोटात देवनागरीच नव्हती. ज्याच्याकडे ज्या लिपीचं अक्षर नसतं ते यंत्र अक्षराच्या जागी एक रिकामी चौकट काढतं. माझ्यासमोर चौकटींच्या ओळीच ओळी होत्या, वस्ती सोडून गेलेल्या इमारतीच्या खिडक्यांसारख्या. आणि आत्याचं बोट त्या चौकटींवरून फिरत होतं. एकेक चौकट, एकेक अक्षर. ओळ संपली की बोट खाली उतरायचं, डावीकडे जायचं, पुढची ओळ धरायचं. आवाज कुठं अडखळत नव्हता. शेवटच्या चौकटीवर बोट पोचलं आणि त्याच क्षणी स्तोत्र संपलं.

"झालं," आत्या म्हणाली. "हे पण स्वच्छ आहे रे."

"काय दिसलं, आत्या?"

"काय दिसणार? अक्षरं."

माझ्या हातातला चहा माझ्या पायावर सांडत होता, आणि मला तो गार लागत होता. आजवर मी गावभर भुतं विकली, पण स्वतः विकत घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली. स्वयंपाकघरात जाऊन मृणालला सांगितलं. ती कणीक मळत होती. तिनं मळणं थांबवलंसुद्धा नाही.

"पाठ आहे त्यांना, नंदू. लहानपणापासून रोज म्हणतायत. तू डोळे तपासतोयस की पाठांतर?"

मी खाली बसलो. इतक्या सगळ्या यंत्रांवर, इतक्या सगळ्या अक्षरांत, मी त्या बाईला जे दिलं होतं ते तिला डोळे मिटूनही म्हणता आलं असतं. अर्धा मिनिट हसू आलं. मग ते गेलं, कारण मला साताऱ्याचं स्वयंपाकघर दिसलं. आत्या ओट्याशी उभी, हातात औषधाची डबी, आणि त्या डबीवरचं नाव ती न अडखळता, खणखणीत वाचतेय. चुकीचं.

"पण बोट?" मी विचारलं. "बोट बरोबर ओळीवर कसं?"

आता मात्र तिचं मळणं थांबलं.

दुपारपर्यंत धुकं उठलं नाही. आत्या घरामागच्या लाकडी डेकवर शाल घेऊन बसली होती, समोर नुसता पांढरा पडदा. मी शेजारी बसलो.

"आत्या, सकाळच्या त्या पाटीवर अक्षरं नव्हती. नुसत्या चौकटी होत्या."

तिनं शाल सारखी केली. मग म्हणाली, "मला होती."

"म्हणजे?"

"मला सगळीकडेच असतात. तुझ्या भिंतीवर असतात. कुंपणावर. जेवताना ताटात पण, भातावर. आणि ह्या धुक्यावर तर ओळीच्या ओळी."

"आत्ता?"

"आत्ता. एक तुझ्या खांद्यावरून गेलीय."

मी खांद्याकडे बघितलं. तुम्हीही बघितलं असतं.

"काय लिहिलंय?"

"वाचता येत नाही. नजर नेली की सरकतात. पण इतकी रेखीव, नंदू. तू दाखवतोस ती खरी अक्षरं सगळी पुसट, चोळामोळा झालेली. आणि ही जी नाहीत ती कोरून काढल्यासारखी. सकाळी त्या चौकटींवर येऊन ती अशी बसली की मला वाटलं, आज खरंच दिसतंय."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? भिंतीवर अक्षरं दिसणाऱ्या म्हातारीला एकटीला राहू दिलं असतंत तुम्ही?"

हॉस्पिटलमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, डोळ्याचा जो भाग अंधारतो तिथून मेंदूला काही येत नाही, मग मेंदू स्वतःच काहीतरी काढत बसतो. कुणाला चेहरे दिसतात, कुणाला नक्षी, कुणाला अक्षरं. वेड नव्हे. पुष्कळांना दिसतं, सांगत कुणी नाही. मी आत्याला मराठीत समजावून दिलं.

"असं होय," आत्या म्हणाली. गेल्या कित्येक दिवसांत मी तिला एवढं सैल बसलेलं पाहिलं नव्हतं. "म्हणजे रिकामं बसवत नाही. आपल्या घराण्यातलंच आहे. माझा मेंदू, तुझं तोंड."

वेड नव्हतं, हे झालं. वाचायचं मात्र तसंच उरलं होतं, आणि आता सगळ्यांना माहीत होतं की ते येत नाही.

स्तोत्र बाद झालं. बातम्या देऊन बघितल्या. पण बातम्यांची वाक्यं ठरलेली असतात. मंत्र्याचं नाव कळलं की पुढे त्यानं काय आश्वासन दिलं ते आत्या न बघता सांगायची. म्हणी बाद, पाककृती बाद. जे तिला पाठ नाही आणि जे अंदाजानं पुरं करता येणार नाही, असं काहीतरी हवं होतं. जे ह्या जगात कुठे घडलेलंच नाही असं. तुमच्या लक्षात आलंच असेल की ह्या कामाला अख्ख्या न्यूझीलंडमध्ये एकच माणूस लायक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहिलं: 'काल व्हिक्टोरिया स्ट्रीटवर एक गाय जँडल्स घालून चालताना दिसली. डावी जँडल तुटलेली होती.' (जँडल्स म्हणजे इथल्या रबरी सपाता.)

आत्यानं पान उघडलेलं यंत्र हातात घेतलं. आज बोट सरसर गेलं नाही.

"काल," ती म्हणाली. थांबली. "काल कुणी बाय?"

"बाय नाही."

"गाय? गाय काय घालून?" तिनं पान बाजूला ठेवलं. "मेल्या, हे कुणाला कसं वाचता येईल?"

"वाचलंस तरच येईल."

इथून खरं काम सुरू झालं, आणि त्यात माझी निम्मी विद्या चुकीची निघाली. इंग्रजी अक्षर ज्या मापात ऐटीत उभं राहतं त्याच मापात मराठी अक्षर आक्रसतं, कारण त्याला डोक्यावर मात्रा आणि पायाशी उकार वागवायचा असतो. ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीच्या पोटात घुसतो. कुठं जाड कुठं बारीक अशी नखऱ्याची वळणं आत्याच्या डोळ्यांत निम्मी गळून पडायची, मग घ आणि ध एकच, भ आणि म एकच. पांढरं पान तिला दिव्यासारखं डोळ्यात खुपायचं. म्हणून काळ्यावर मऊ पिवळसर, एकसारख्या जाडीचं, मोकळं अक्षर घेतलं. ओळी आखूड केल्या. पूर्वी मी अक्षराचं माप खिळा ठोकल्यासारखं ठेवायचो, वाचणाऱ्यानं कितीही मोठं करायला सांगितलं तरी ढिम्म. आता खिळे उपटले. यंत्राला एवढंच सांगितलं, की बाईंना हवं तेवढं. मॅकवर जमलं की विंडोजवर बिघडायचं, तिथे बसवलं की फोनवर मात्रा छाटली जायची. हळूहळू आत्या एका शब्दावरून दोनांवर गेली, मग ओळीवर.

आणि एक गोष्ट घडायला लागली. आत्या खरंच वाचत असली की ती पानाकडे बघायची नाही. माझ्या कानामागे बघायची. डॉक्टरीणबाईंनीच तिला शिकवलं होतं: मधला डाग बाजूला सारायचा तर नजर बाजूला न्यायची, म्हणजे अक्षर कडेच्या चांगल्या भागात येतं. हे कळत असूनही मी दर वेळी मागे वळून बघायचो. मागे खिडकी, खिडकीबाहेर धुकं. आत्या त्या धुक्याकडे टक लावून, हातातल्या पानावरचं वाचायची: 'मग पोलिसांनी गाईला तिचं नाव विचारलं.' तिचं तोंड माझ्याकडे असलं आणि डोळे पानात खुपसलेले असले की समजायचं, अंदाजपंचे चाललंय. डोळे भलतीकडे गेले, की दिसतंय.

जुलै सरत आला. तिकिटाचा विषय परत निघाला. आम्ही ठरवलं, एक पूर्ण थाप, अनोळखी यंत्रावर, कुणाच्या मदतीशिवाय वाचली की तिकीट. मी जीव ओतून लिहिली. ग्लेनच्या शेतावरचं धुकं एका गाईनं चुकून प्यायलं, आणि तिची धार काढायला बसल्यावर काय निघालं, अशी. आत्या जेवणाच्या टेबलाशी बसली. मृणाल ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून. नळ सोडलेला नव्हता, त्यामुळे ती ऐकत होती हे कळत होतं.

आत्यानं नजर माझ्या कानामागे नेली आणि वाचायला लागली. गाय आली, धुकं आलं, गाय प्यायली. बादली आली. बादलीत काय, ह्या शब्दावर ती थांबली.

मी वाट बघितली. तिचे ओठ हलले. तिला अंदाज बांधता आला असता. माझ्या थापांची वळणं आता तिला ओळखीची झाली होती. तिकीट तिच्यापासून एका शब्दावर होतं.

"इथून पुढं दिसत नाही," आत्या म्हणाली.

आत्यानं पान खाली ठेवलं आणि पदरानं, उगीचच, टेबल पुसलं.

मृणाल ओल्या हातांनीच आली. "नंदू, तिकीट काढ."

"अगं, अर्धंच वाचलं तिनं."

"अर्ध्यावर थांबल्या ना. डबीपाशीही थांबतील आणि खालच्या सुषमाताईंना हाक मारतील. मला एवढंच बघायचं होतं."

आत्या टेबल पुसतच राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "बादलीत काय निघालं ते सांग आता." मी सांगितलं. ते इथे छापण्यासारखं नाही.

ती गेली तेव्हा धुक्याचा हंगाम संपत आला होता. तेव्हापासून मी रोज सकाळी तिच्या पानावर एक थाप ठेवतो. ती तिकडे उठली की टॅब्लेटवर वाचते, मोठ्यानं, आणि आवाज मला पाठवते. जिथे दिसत नाही तिथे थांबते, तसं सांगते, आणि सुषमाताई पुढचं वाचतात. डबीवरचं नाव त्याच वाचतात आता. त्याबद्दल आत्याला काही वाटत नाही, निदान मला तसं सांगते. घर तिचं आहे. किल्ली तिच्या कमरेला आहे.

पण थांबायची जागा अलीकडे सरकतेय. डाग वाढतोय. ती थोडी आधी थांबते, मी अक्षर थोडं मोठं करतो. अक्षर वाढलं की स्क्रीनवर मजकूर कमी मावतो. पूर्वी गाय, जँडल्स, पोलीस, कोर्टकचेरी सगळं मावायचं. मग पोलीस गेले. मग जँडल्स. काही दिवस नुसती गाय होती, उभी. आता दोन शब्द मावतात, आणि दोन शब्दांत थाप मारून बघा तुम्ही. मी बघितली. थापेला अंग लागतं, हातपाय लागतात. एवढ्याशा जागेत माणसाकडून खरंच बोललं जातं.

आज बाहेर काही नव्हतं, ऑफिसला जायचा रस्ताही नव्हता. मी तिच्या पानापुढे बसून राहिलो. शेवटी लिहिलं, 'एकटी आहेस?' इतक्या दिवसांत विचारलं नव्हतं.

तिकडे सकाळ झाल्यावर तिचा आवाज आला. आधी नुसता श्वास. मला माहीत होतं, ती टॅब्लेटच्या पलीकडे, भिंतीकडे बघतेय. मग तिनं दोन्ही शब्द वाचले, एकेक करून.

"छे रे," आत्या म्हणाली. "एकटी कुठली? भिंती भरल्यात. आणि ऐक, हल्ली ही अक्षरंही मोठी व्हायला लागलीत. काल दारावर एकच अक्षर होतं, अख्ख्या दाराएवढं." मग तिनं विचारलं, "तूच पाठवतोस का रे ती?"

मृणाल दाराशी उभी राहून ऐकत होती. आज तिनं 'निदान लिहिताना तरी' म्हटलं नाही.

मी 'हो' लिहिलं. सगळ्यात मोठ्या मापातही ते मावलं.